खटका

आपल्या मंडळाच्या मागील बैठकीत, चहापानाच्या वेळी, एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "या खेपेस त्रैमासिकासाठी काय लिहीत आहात?" आम्ही म्हणालो, "ट्रॅक्टरच्या ब्रेकविषयी." त्यांनी कपबशी हळूच टेबलावर ठेवली, आमच्या तोंडाकडे क्षणभर पाहिले आणि आमच्या रक्तदाबाची चौकशी केली. त्यांचेही काही चुकले नाही. महसूल खात्यात अडतीस वर्षे घालवलेल्या माणसाने होळकर राज्यातील जमाबंदीवर लिहावे, गेला बाजार नर्मदा परिक्रमेवर लिहावे, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. पण गेली तीन-चार वर्षे आमच्या मनात जो विषय घर करून बसला आहे तो हाच आहे, आणि तो लिहून काढल्याखेरीज दुसरे काही लिहिता येईल असे वाटत नाही.

आमचे आजोबा होळकर सरकारच्या हिशेब खात्यात होते. त्यांनी सांवेरच्या बाजूस सात बिघे काळी जमीन घेऊन ठेवली होती. ती पुढे वडिलांकडे आणि वडिलांकडून आमच्याकडे आली. पण तीत प्रत्यक्ष पाय घालण्याचे काम बटाईदारानेच केले. आम्ही वर्षातून दोनदा जायचे, गव्हाची पोती आणि सोयाबीनचा हिशेब घ्यायचा आणि संध्याकाळच्या आत इंदुरास परतायचे. २०१८ साली आमच्या सरकारने निवृत्तीचे वय साठावरून बासष्टावर नेले, त्यामुळे आमची मुक्तता २०१९ पर्यंत लांबली. निवृत्त झाल्यावर आम्ही पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर त्या सातांपैकी तीन बिघ्यांत जामाची बाग लावली. पेरूला इंदुरात आम्हीही इतरांप्रमाणे जामच म्हणतो. पुण्याच्या पाहुण्यांनी हसावे हवे तर. रोपे मोठी होऊ लागली तसे ओळींमधले तण काढायला भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आत शिरेना. मग एक जुना, अठरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला. आमच्या सौभाग्यवतींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, हा मोठा होणार आहे का अजून?"

त्या ट्रॅक्टरावर बसून पाहिले तेव्हा प्रथम ध्यानात आले, की उजव्या पायाशी ब्रेकची पेडले दोन आहेत. एकमेकांना अगदी चिकटून, एक मागील डाव्या चाकाचे, दुसरे मागील उजव्या चाकाचे. पुढील चाकांना ब्रेक नाहीतच. दोन्ही पेडलांच्या मध्ये एक लोखंडी खटका असतो. तो पाडला, की दोन्ही पेडले एक होतात आणि पाय कोठेही पडला तरी दोन्ही चाके सारखीच दाबली जातात. खटका उचलला, की पेडले सुटी. चाळीस वर्षे जीप आणि स्कूटर चालवलेल्या आम्हांस हा प्रकार अनाकलनीय वाटला. थांबण्यासाठी असलेल्या गोष्टीचे दोन भाग कशासाठी करावेत?

ह्याचे उत्तर कुंपणापाशी मिळाले. आमच्या बागेत दोन ओळींतील अंतर चौदा फूट आहे, आणि ओळी संपल्यावर काटेरी तारेपर्यंत जेमतेम बारा फुटांची पट्टी. एका ओळीतून बाहेर पडून शेजारच्या ओळीत शिरायचे, म्हणजे सात फुटांच्या त्रिज्येत अर्धे वर्तुळ काढायचे. आम्ही स्टिअरिंग पुरते वळवले. पुढची लहान चाके आडवी झाली. ट्रॅक्टर मात्र नांगरलेल्या भुसभुशीत मातीत आडव्या चाकांना तसाच ढकलत सरळ कुंपणाकडे निघाला. मागे रोटाव्हेटर उचललेला होता. त्याच्या वजनाने पुढचा भाग हलका झालेला. चाकांना मातीत पकडच नव्हती. तारेला नाक टेकवून आम्ही थांबलो, मागे आलो, पुन्हा पुढे गेलो, पुन्हा मागे आलो. एका वळणाला पाच हिसके. सहाव्या ओळीला एक रोप आडवे झाले तेव्हा बटाईदाराचा मुलगा, जो इतका वेळ विहिरीच्या कठड्यावर बसून गंमत पाहत होता, उठून आला.

वय बावीस. शाळा नववीत सुटलेली. त्याने आम्हांस खाली उतरवले नाही, ही त्याची सभ्यता. तो चाकाच्या पंख्यावर बसला आणि म्हणाला, "बाबूजी, पहले हाथ, फिर पाँव." आधी हात, मग पाय. इंजिनाचा वेग कमी करायचा. अवजार जमिनीतून पूर्ण उचलायचे. ते रुतलेले असताना वळलात तर अवजारही वाकेल आणि ट्रॅक्टरही. मग स्टिअरिंग ज्या बाजूला वळायचे तिकडे पुरते फिरवायचे आणि त्यानंतरच त्या बाजूचा, केवळ त्या बाजूचा, ब्रेक हळूहळू दाबत न्यायचा. क्लचला हात नाही, म्हणजे पाय नाही लावायचा. आतले मागचे चाक थांबते, बाहेरचे फिरत राहते आणि सगळा ट्रॅक्टर थांबलेल्या चाकाभोवती फिरतो. नाक नव्या ओळीकडे लागण्याच्या किंचित आधीच पाय काढायचा, नाहीतर वळण जास्त होते.

आम्ही केले. ट्रॅक्टर वळला. असा वळला, की आम्ही दचकून स्टिअरिंग घट्ट धरले. एखाद्या जड माणसाने अचानक गिरकी घ्यावी तसे ते वाटले. निवृत्तीनंतर इतका निर्मळ आनंद आम्हांस दुसऱ्या कोणत्याही गोष्टीने दिलेला नाही, पहिल्या महिन्याच्या निवृत्तिवेतनानेही नाही.

आता ह्यामागचे यंत्रशास्त्र. ते आम्हांस कळायला वेळ लागला, आणि कळले ते पुस्तकाने नव्हे तर आठवणीने. इंजिनाची शक्ती मागील दोन चाकांना थेट जात नाही, मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची पेटी असते. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नामक कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच वाफेच्या गाडीसाठी ती योजली होती. वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता कापायचा असतो, आतल्याला जवळचा. दोघे एकाच दांड्याला जखडलेले असतील तर एकाला घसटावे लागेल. ही पेटी दोघांना निरनिराळ्या वेगाने फिरू देते, मात्र दोघांच्या वेगांची बेरीज कायम राखते. एकाचा वेग घटला, की तेवढा दुसऱ्याचा वाढतो. एकाला पूर्ण थांबवले तर दुसरा दुपटीने फिरतो. म्हणूनच इंजिनाचा वेग आधी कमी करायचा. तो न करता ब्रेक दाबलात, तर बाहेरचे चाक दुप्पट वेगाने तुम्हांला कोठे नेईल ह्याचा नेम नाही.

हे वाचीत असताना आम्हांस खळे आठवले. लहानपणी वडिलांबरोबर शेतावर जात असू तेव्हा मळणी बैलांनी होत असे. मध्ये तिवडा, त्याभोवती एकाला एक जोडलेले चार-पाच बैल. तिवड्यालगतचा बैल जवळजवळ जागच्या जागी पाय उचलीत असतो आणि सर्वांत बाहेरचा धापा टाकीत पळत असतो. तिवड्यालगत म्हातारा बैल घालीत, बाहेर तरणा. औत वळवतानाही तेच. बांधाशी आल्यावर आतल्या बैलाचा कासरा ओढून त्याला दाबून धरायचे, बाहेरच्याला हाकारायचे. जोडी आतल्या बैलाभोवती फिरून नव्या तासाला लागते. बटाईदाराचा आजा हे काम दोन बोटांनी करी. त्याच्या नातवाने आम्हांस तेच पायाने करायला शिकवले, एवढाच फरक. बैल आपण होऊन थांबत असे, चाकाला थांबवावे लागते.

आमच्या मध्य प्रदेशातच, नर्मदेच्या काठी, बुदनी येथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांच्या प्रशिक्षणाची आणि चाचणीची संस्था आहे, १९५५ पासूनची. नव्या ट्रॅक्टरांची चाचणी तेथे होते. त्या चाचणीत वळण्याची जागा दोनदा मोजतात, एकदा ब्रेकविना आणि एकदा ब्रेकसह. म्हणजे एका चाकाचा ब्रेक लावून वळणे ही खेडवळ युक्ती नव्हे, ती यंत्राच्या अंगचीच गोष्ट आहे. आम्ही ह्या दोन आकड्यांवर विसंबलो नाही. जन्मभर जमीन मोजली. बागेच्या कडेला चुना टाकून, टेप लावून आमच्या ट्रॅक्टराचेही माप घेतले. ब्रेकविना त्रिज्या नऊ फुटांच्या आसपास, ब्रेकसह सातच्या किंचित आत. दोन फुटांचा हा फरक. आमच्या चौदा फुटांच्या ओळींत शिरणे किंवा न शिरणे ह्या दोन फुटांवर अवलंबून.

ह्या दोन पेडलांनाही इतिहास आहे. १९२४ साली अमेरिकेत फार्मऑल नावाचा ट्रॅक्टर बाजारात आला. त्यात स्टिअरिंग पुरते फिरवले, की तारेने ओढला जाऊन आतल्या चाकाचा ब्रेक आपोआप लागे. चालकाने पाय हलवण्याची गरजच नाही. पुढे १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ९एन मध्ये उजव्या चाकाचा ब्रेक उजव्या पायाशी आणि डाव्या चाकाचा डाव्या पायाशी, क्लचच्या शेजारी ठेवला. दिसायला किती न्याय्य वाटणी! पण डावा पाय क्लचवर असेल तर डावा ब्रेक कोणी दाबायचा? १९४७ च्या ८एन मध्ये दोन्ही ब्रेक उजवीकडे शेजारी शेजारी आले. पेडले शेजारी आली म्हणूनच त्यांना एक करणारा खटका सोयीचा झाला. आणि सोयीचा झाला म्हणूनच तो विसरण्याजोगाही झाला.

वर्षभरात आमचा पाय बसला. उजवीकडचे वळण आम्हांस सुबक जमे, डावीकडचे थोडे रांगडे. हस्ताक्षरासारखेच हे असावे. कठीण जमिनीवर आतले चाक पूर्ण जखडू नये हे कळले. जखडलेले चाक जागच्या जागी रगडले जाते, टायरवरचे रबर सोलते आणि मातीत वाडग्यासारखा खळगा पडतो. त्यात पहिल्या पावसाचे पाणी साचून आमच्या दोन जामांची मुळे कुजली. एकाच बाजूला फेऱ्या मारीत राहिले तर त्या बाजूचा ब्रेक आधी झिजतो, आणि मग खटका लावून दोन्ही एकदम दाबले तरी ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो. म्हणून दोन्ही पेडलांची चाल मधूनमधून तपासून सारखी करून घ्यावी लागते. पावसाळ्यात मालव्याची काळी माती चाकाला लोण्यासारखी लागते. एक चाक नुसतेच गरगरा फिरू लागले, तर त्या फिरणाऱ्याच चाकाचा ब्रेक अलगद दाबायचा. त्याला अडवले, की जोर दुसऱ्या, पकड असलेल्या चाकाकडे जातो आणि ट्रॅक्टर निघतो. धिंगाणा घालणाऱ्याला थोडे आवरले, की काम करणाऱ्याला बळ येते. कचेरीत आम्ही ह्याच्या नेमके उलट करीत होतो असे आता वाटते. पण ते असो.

एक गोष्ट त्या मुलाने पहिल्याच दिवशी सांगितली होती. शेतातून रस्त्यावर चाक लागण्याआधी खटका पाडायचा. प्रत्येक वेळी. तो स्वतः पाडताना त्याचा आवाज मुद्दाम ऐकू येईल असा पाडीत असे.

२०२२ च्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी आम्ही बागेतले काम उरकून घराकडे निघालो. रोटाव्हेटर बागेतच सोडला होता, ट्रॅक्टर मोकळा. रस्ता प्रधानमंत्री सडक योजनेतला, डांबरी, गुळगुळीत. वेग ताशी पंधरा किलोमीटरांच्या वर नसेल. बाभळीखालून एक शेळीचे पिल्लू आडवे धावले. आम्ही ब्रेक दाबला. पायाखाली उजवे पेडल तेवढे आले.

ते सारे एका श्वासात झाले. ट्रॅक्टर थांबला नाही, तो उजवीकडे फेकला गेला. डावे चाक उचलल्यासारखे वाटले. डोक्यावर छप्पर नाही, उलटल्यास वाचवील अशी लोखंडी कमान नाही. पाय कसा निघाला हे सांगता येत नाही. पण तो निघाला आणि ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेच्या मुरमात, नालीच्या हातभर अलीकडे, बंद पडून उभा राहिला. शेळीचे पिल्लू पलीकडे उभे राहून आमच्याकडे पाहत होते. मुलगा मागून मोटारसायकलीवर येत होता; तो धावत आला. आमच्या पायांत बळ नव्हते. तरी आम्ही उतरलो, आणि सवयीने, निव्वळ खात्याच्या सवयीने, मागे जाऊन रस्त्यावरची खूण पाहिली.

डांबरावर एक काळी रेघ होती. उजव्या चाकाची. चार-पाच हात लांब, शेवटी उजवीकडे वाकलेली. डाव्या चाकाची खूण मुळीच नव्हती.

ती रेघ आम्ही पूर्वी पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, टेपने मोजली होती.

१९८६ साली आम्ही एका दुसऱ्या जिल्ह्यात नायब तहसीलदार होतो. वय एकोणतीस, नोकरीत पाच वर्षे झालेली. एका मोठ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर मंडईतून परत येताना रपटाच्या उतारावर उलटला आणि त्याखाली सापडून त्याचा पगारी चालक जागीच गेला. विधवेने मदतीसाठी अर्ज केला होता आणि चौकशी आमच्याकडे आली. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच जागेवर गेलो. ट्रॅक्टर तेथेच पडलेला होता. रस्त्यावर एका चाकाची घसरण्याची रेघ होती. आम्ही ती मोजली: साडेचार मीटर. पंचांसमक्ष नोंदली. ह्या नेमकेपणाबद्दल वरिष्ठांनी पुढे आमची पाठ थोपटल्याचे आठवते. मालक म्हणाला, पोरगा वेगाने चालवायचा, कितीदा बजावले. छापील नमुन्यात रकाने होते: वेग, मद्यपान, परवाना, हवामान, रस्त्याची स्थिती. ब्रेकच्या खटक्याचा रकाना नव्हता. एकाच चाकाची रेघ का, हे आम्ही कोणाला विचारले नाही, कारण ते विचारण्याजोगे आहे हे आम्हांस ठाऊकच नव्हते. अहवालाच्या शेवटी लिहिले: अपघात चालकाच्या अतिवेगामुळे व स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाल्याचे दिसून येते. सही, तारीख, शिक्का. अर्ज नामंजूर झाला. मालकाने आपल्या मर्जीने तीन पोती गहू पाठवला, आणि गावात त्याच्या मोठ्या मनाची वाखाणणी झाली.

त्या विधवेबरोबर चार वर्षांचा एक मुलगा होता. कचेरीच्या ओट्यावर तो आमच्या जीपच्या चाकाला दगडाने ठोकत बसला होता. शिपायाने त्याला हाकलले. हेही आम्हांस त्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी, रस्त्यात उभे असताना, आठवले.

खटका त्या दिवशी पाडलेला नव्हता, की तो त्या ट्रॅक्टराला नव्हताच? आम्ही महिनाभर ह्याच्यावर डोके खाल्ले. शेतात पेडले सतत सुटी लागतात म्हणून पुष्कळ ठिकाणी खटका काढूनच टाकतात. आमच्या आजूबाजूच्या गावांत आम्ही अकरा ट्रॅक्टर पाहिले, त्यांतल्या चारांना तो नव्हता. दोन पेडले सुटी असतील आणि चालक घाबरून पाय मारील, तर पाय एकावरच पडण्याचा संभव मोठा. मागे भरलेली किंवा रिकामी ट्रॉली, खाली उतार. ट्रॉली ढकलते, एक चाक जखडलेले, ट्रॅक्टर आडवा होतो आणि उलटतो. त्याला अतिवेग लागत नाही. आम्ही ताशी पंधराने जात होतो. आणि खटका नसेल, तर ते यंत्र तशा स्थितीत रस्त्यावर पाठवणारा चालक नव्हे, मालक.

हे सगळे आम्ही सौभाग्यवतींना सांगितले. त्यांनी भाजी निवडता निवडता ऐकले. "मग जाऊन या," एवढेच म्हणाल्या.

जायला चार महिने लावले. शेती आहे, बाग आहे, गुडघे आहेत; कारणांना तोटा नव्हता. २०२३ च्या फेब्रुवारीत एस. टी.सारख्या रखडत जाणाऱ्या एका खाजगी बसने त्या गावी गेलो. इकडची सरकारी बससेवा बंद पडून पुष्कळ वर्षे झाली. घर सापडायला वेळ लागला नाही. ती बाई दोन वर्षांपूर्वी वारली होती. मुलगा चाळिशीचा, हंगामात हार्वेस्टर चालवतो, एरवी दुसऱ्यांचे ट्रॅक्टर. त्याने आम्हांस ओळखण्याचे काही कारण नव्हते. खाट टाकली, पाणी दिले, चहा सांगितला. आम्ही कोण आणि कशासाठी आलो हे सांगितले. अडतीस वर्षांच्या नोकरीत आम्ही असंख्य लोकांना समोर उभे करून त्यांचे जबाब घेतले. आपला जबाब द्यायला किती वेळ लागतो हे त्या दिवशी कळले.

तो मध्ये बोलला नाही. आम्ही रेघेपाशी आलो तेव्हा मात्र त्याने हात वर केला.

"एकाच चाकाची?"

"एकाच. उजव्या."

"मग ब्रेक जुळलेले नव्हते," तो म्हणाला.

त्याने कपातला चहा अजून संपवलाही नव्हता. आम्हांस जे कळायला छत्तीस वर्षे आणि एक शेळीचे पिल्लू लागले, ते त्याला तेवढ्या वेळात कळले. मग तो बराच वेळ अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत बसला. "आई सांगायची, ते हळू चालवायचे. गावात कोणी मानत नसे. मीही पुढे पुढे मानीनासा झालो," तो म्हणाला. त्या मालकाविषयी त्याने काही विचारले नाही, आणि आम्हीही काढले नाही. त्याची मुले आता भोपाळला असतात असे वाटेत कळले होते.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "साहेब, तो कागद मिळेल?"

कागद मिळणार नव्हता. आम्ही निघण्यापूर्वीच जुन्या सहकाऱ्यांकडून चौकशी केली होती. अशा नस्त्यांची मुदत ठरलेली असते. ती सरली, की त्या नियमाप्रमाणे नष्ट करतात. असल्या याद्यांवर आम्हीही ठिकठिकाणी सह्या केल्या आहेत. आम्ही त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, "मग तुम्हीच लिहून द्या."

त्याला काय उपयोग, असे आमच्या ओठांवर आले होते. कायद्याने त्या कागदाला कवडीची किंमत नाही; मुदती संपल्या, अर्जदार वारली, अहवाल देणारा सेवेत नाही. पण तो आत जाऊन मुलीच्या वहीतले दोन कोरे ताव घेऊन आला होता. आम्ही खाटेवर बसून हिंदीत लिहिले: जागा, तारीख, रेघेची लांबी, रेघ एका चाकाची असल्याचे, त्यावरून दोन्ही ब्रेक एकत्र लागले नसल्याचे, ब्रेकच्या खटक्याची तपासणी आम्ही केली नसल्याचे, आणि अतिवेगाचा निष्कर्ष मालकाच्या सांगण्याखेरीज दुसऱ्या कशावरही आधारलेला नसल्याचे. खाली नाव आणि तेव्हाचा हुद्दा. 'या कार्यालयाच्या मते' असे लिहिण्याची सोय नव्हती. सवयीने हात तेथे दोनदा अडखळला.

त्याने तो कागद उभ्यानेच दोनदा वाचला. दुसऱ्या खेपेस पहिल्या ओळीशी थांबला.

"साहेब, बाबांचे नाव असे नाही लिहीत."

आम्ही चष्मा पुसून पाहिले. वेलांटी ऱ्हस्व होती, ती दीर्घ हवी. आम्ही नाव आठवणीतून लिहिले होते, म्हणजे १९८६ च्या अहवालातही ते तसेच गेले असणार. कागद परत घेतला, चुकीच्या अक्षरावर आडवी रेघ मारली, वर दुरुस्त करून लिहिले आणि दुरुस्तीशेजारी पुन्हा सही केली.